कुणाकडून आलं? : स्वमग्नतेच्या शोधाचा इतिहास आणि आपला मुलूख



आजचा विषय शास्त्राचा आहे, पण मी तो इतिहास म्हणून सांगणार आहे. कारण या विषयात आधी आरोप झाले आणि शास्त्र मागून आलं. आपल्याकडे, बारामती असो की इंदापूर, तीन वर्षांचं पोर हाक मारल्यावर वळून बघत नाही, आलेले दोन-चार शब्दही बोलायचं थांबतं, तासन् तास एकच चाक फिरवत बसतं. तेव्हा घरात पहिला प्रश्न ‘याला काय झालंय’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘हे कुणाकडून आलं?’ आणि बहुतेक घरांत उत्तर आधीच ठरलेलं असतं. सुनेच्या माहेराकडून. नाहीतर ग्रहणात ती बाहेर पडली म्हणून. अलीकडे त्यात मोबाईलची भर पडलीय : ‘आईनं मोबाईल हातात दिला आणि स्वतः कामाला लागली.’

हा प्रश्न गावंढळ आहे असं समजू नका. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनीही हाच प्रश्न विचारला, आणि बराच काळ हेच उत्तर दिलं.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची वर्णनं छापली. मुलं आपल्यातच मग्न, माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की बिथरणारी. यालाच आज आपण ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी तशाच, पण बोलक्या आणि हुशार मुलांबद्दल लिहिलं. कॅनर यांनी त्या पहिल्या लेखाच्या शेवटी ही अडचण जन्मतःच असावी असं म्हटलं होतं. पण त्याच लेखात या मुलांचे आईबाप फार शिकलेले आणि थंड स्वभावाचे दिसतात, अशीही नोंद होती. पुढच्या काळात जगानं पहिलं वाक्य विसरलं आणि दुसरं धरून ठेवलं.

त्यातून ‘रेफ्रिजरेटर आई’ ही कल्पना निघाली. आईच्या मायेत ऊब नव्हती म्हणून मूल आत मिटलं, असा तिचा अर्थ. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली यावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. मूल सांभाळून थकलेल्या आयांना वर अपराधी ठरवलं गेलं. म्हणजे आपल्या वाड्यावस्तीवरच्या सासूबाई आणि शिकागोचे प्राध्यापक यांचं या बाबतीत एकमत होतं!

हे मोडायला सुरुवात केली एका बापानं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न. १९६४ साली त्यांनी पुस्तक लिहून मांडलं की हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, मायेचा नाही. १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभं राहून आईबापांना निर्दोष ठरवलं. पण सभेत निर्दोष ठरवणं वेगळं आणि पुरावा देणं वेगळं.

पुरावा आला जुळ्यांमधून. १९७७ साली ब्रिटनमध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या अभ्यासल्या. अकरा जोड्या एकाच बीजापासून झालेल्या, हुबेहूब. दहा जोड्या दोन बीजांच्या, साध्या भावंडांसारख्या. हुबेहूब जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती. दुसऱ्या दहांत अशी एकही जोडी नव्हती. बोलण्या-शिकण्यातल्या इतर अडचणी धरल्या तर फरक आणखी ठळक झाला : अकरापैकी नऊ आणि दहापैकी एक. एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलेली ही मुलं. आईची माया कारण असती तर दोन्ही गटांत सारखंच दिसायला हवं होतं. म्हणजे कारण बीजात होतं. पण बीजात नेमकं कुठं?

इथं थोडं मागं जाऊन मेंदूकडं वळू. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की मेंदू म्हणजे एकसलग जाळं नाही. त्यात सुट्या सुट्या चेतापेशी आहेत. मग एका पेशीचा निरोप दुसरीकडे जातो कसा? दोन पेशी जिथं भेटतात त्या जागेला १८९७ साली इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी नाव दिलं, सिनॅप्स. आपण त्याला चेतासंधी म्हणू. ही फट प्रत्यक्ष दिसायला १९५० नंतरचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. फट किती, तर मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक भाग.

हे समजायला तुम्हाला लांब जायला नको. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर झालेला आपला नीरा डावा कालवा बघा. धरणात पाणी आहे, कालवा वाहतोय. पण तुमच्या उसाला पाणी मिळतं ते कुठं ठरतं? दाऱ्यावर. म्हणून तर आपण रात्री-अपरात्री दारं धरायला जातो. दारं नीट उघडलं नाही तर वाफा कोरडा. दारं फुटलं तर सगळं पाणी एकाच सरीत. मेंदूतही निरोप पेशीच्या पाटातून येतो, चेतासंधीपाशी रसायन सुटतं, पलीकडची पेशी ते घेते. आणि हे दारं काही सिमेंटचं नाही. मूल बघतं, ऐकतं, खेळतं, तसतशी ही दारी बनतात, पक्की होतात, नको ती मोडली जातात. शिकणं म्हणजे हेच. दाखला इथवरच ताणावा. मेंदूत अशी दारी अब्जावधी नाही, त्याहून कितीतरी जास्त आहेत, आणि तिथं कुणी पाटकरी बसलेला नाही.

मग हे दारं धरतं कोण? धरतात ती प्रथिनं. आणि त्यांचा शोध लागला एका कोळ्याच्या विषामुळं. ‘ब्लॅक विडो’ नावाची एक विषारी कोळीण आहे. तिच्या विषानं चेतापेशी आपलं सगळं रसायन एकदम ओतून टाकते. हे विष पेशीला नेमकं कुठं चिकटतं, याचा शोध घेताना टेक्ससमधल्या थॉमस स्यूडहॉफ यांच्या प्रयोगशाळेला १९९२ साली न्यूरेक्झिन हे प्रथिन सापडलं. १९९५ साली त्याचा जोडीदार सापडला, न्यूरोलिगिन. न्यूरेक्झिन फटीच्या अलीकडच्या काठावर, न्यूरोलिगिन पलीकडच्या. फटीवरून दोघांनी एकमेकांचा हात धरलेला. पलीकडच्या काठाखाली सगळी बांधणी पेलणारं तिसरं प्रथिन म्हणजे शँक. आणि निरोप किती जोरानं घ्यायचा यावर लगाम ठेवणारं चौथं, सिनगॅप. या मंडळींना तेव्हा स्वमग्नतेशी काहीच देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त चेतासंधी कशी चालते ते बघायचं होतं.

दोन वाटा एकत्र आल्या २००३ साली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले थॉमस बुर्जेरों आणि स्वीडनचे डॉक्टर क्रिस्टोफर गिलबर्ग यांच्या गटानं स्वीडनमधल्या दोन कुटुंबांची जनुकं तपासली. दोन्ही घरांत दोन-दोन भाऊ. एका घरात न्यूरोलिगिन-३ मध्ये बदल सापडला. हे प्रथिन म्हणजे आठशेहून जास्त मण्यांची माळ समजा. त्यातला ४५१ वा मणी बदललेला. दुसऱ्या घरात न्यूरोलिगिन-४ हे प्रथिन अर्ध्यातच तुटलेलं. चेतासंधीच्या जनुकातला बदल आणि स्वमग्नता यांची गाठ पहिल्यांदा इथं स्पष्टपणे पडली.

यातल्या दोन गोष्टी मी तुम्हाला मुद्दाम लक्षात ठेवायला सांगतो. पहिली, दोन्ही घरांत भावाभावांत बदल तोच, पण एका भावाला गंभीर स्वमग्नता आणि दुसऱ्याला अ‍ॅस्पर्गर प्रकारची, म्हणजे बोलणारा. जनुक सारखं, नशीब वेगळं. दुसरी, ही जनुकं एक्स गुणसूत्रावर आहेत, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतं. म्हणजे झालं का? सासूबाई बरोबर ठरल्या?

थांबा. दुसऱ्या घरातल्या आईला तो बदल तिच्या आईवडिलांकडून मिळालेलाच नव्हता. तो तिच्यातच नव्यानं झाला होता. तिच्या माहेराकडं बोट दाखवायला जागाच नव्हती.

आणि चारच वर्षांनी, २००७ साली, त्याच पॅरिसच्या गटानं शँक-३ या जनुकाबद्दल लिहिलं, तेव्हा एका घरात उत्तर बापाकडं गेलं. वडिलांच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसात अदलाबदल झालेले होते. त्यांच्याकडं काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं, म्हणून ते धडधाकट. पण मुलं होताना वाटणी चुकली. मुलीला शँक-३ ची एक प्रत कमी मिळाली. तिला स्वमग्नता आणि बोलण्याची मोठी अडचण. तिच्या भावाला एक प्रत जास्त मिळाली, त्याला अ‍ॅस्पर्गर. कमी झालं तरी बिघाड, जास्त झालं तरी बिघाड! हे आपल्या कालव्याकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको. इंदापूरकडं टेलला पाणी पोचत नाही म्हणून पीक जळतं, आणि वरच्या बाजूला पाणी जास्त झालं म्हणून जमिनी चोपण झाल्या. मेंदूतल्या दाऱ्यांचंही तसंच आहे. प्रश्न मापाचा आहे.

त्याच २००७ मध्ये तिसरं उत्तर पुढं आलं. अमेरिकेत जोनाथन सेबाट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घरात एकच मूल स्वमग्न असेल, तर काही वेळा गुणसूत्रांतला बदल ना आईत असतो ना बापात. तो मुलात नव्यानं झालेला असतो. यात आश्चर्य काही नाही. आपल्यापैकी प्रत्येक जण जन्माला येताना आईबापांत नसलेले साठ-सत्तर नवे बदल घेऊन येतो. तीन अब्ज अक्षरांची पोथी उतरवताना एवढ्या चुका होणारच. बहुतेक निरुपद्रवी ठिकाणी पडतात. एखादी शँक-३ किंवा सिनगॅप-१ वर पडते. आइसलँडमधल्या २०१२ सालच्या अभ्यासात दिसलं की असे नवे बदल जास्त करून बापाकडून येतात आणि बापाचं वय वाढेल तसे वाढतात, वर्षाला साधारण दोन. आता बोट कुणाकडं दाखवायचं? बापानं काही केलेलं नसतं. वय काय, सगळ्यांचंच वाढतं.

चौथं उत्तर आहे, दोघांकडून. आणि इथं आपल्या मुलखाचा विषय निघतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये काम करणाऱ्या इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ सालच्या भारतीय नातेसंबंधांवरच्या त्यांच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हटलं. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामा-भाचीचंही चालतं, आणि आपल्याकडं मामाची मुलगी करायची पद्धत. आत्याच्या घरी सून म्हणून गेलेल्या कितीतरी जणी या सभागृहातही असतील. अशा जोडप्याकडं आजी-आजोबांकडून आलेली तीच दोषी प्रत असू शकते, आणि मुलाला ती दोन्हीकडून मिळू शकते. सर्वसाधारण जोडप्यात मुलाला जन्मजात काही गंभीर दोष असण्याची शक्यता शंभरात तीनच्या आसपास असते. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात त्यात दोन-तीनची भर पडते. भर आहे, हे खरं. पण नव्वदहून जास्त मुलं ठणठणीत असतात, हेही खरं.

स्वमग्नतेत अशी दोन्हीकडून आलेली उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात आमिश नावाचा एक समाज आहे, आपल्या आपल्यातच लग्नं करणारा. २००६ साली तिथल्या काही मुलांत सीएनटीएनएपी-२ या, न्यूरेक्झिनच्याच घराण्यातल्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या सापडल्या. लहानपणी झटके, मग बोलणं हरवणं, स्वमग्नतेची लक्षणं. आमिशांत नात्यात लग्न करण्याचा सोस नाही. समाजच मोजक्या पूर्वजांपासून वाढलेला आहे. आणि इथं आपण मान खाली घालून ऐकावं असं एक संशोधन आहे. २०१७ साली हैदराबादचे के. थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइक आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या अडीचशेहून जास्त समाजगटांची जनुकं तपासली. त्यातले ८१ गट असे निघाले की मोजक्या पूर्वजांचा ठसा त्यांच्यावर फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्कनाझी ज्यूंपेक्षाही गडद आहे. म्हणजे मामाची मुलगी केली नाही तरी शेकडो वर्षं जातीतच लग्नं केल्यानं तोच परिणाम होतो. एखाद्या सुनेनं सासरी दोष आणला असं म्हणणाऱ्या घरानं हे लक्षात घ्यावं, की ज्या जातीतून ती आली त्याच जातीचं ते घरही आहे.

तरीही नात्यातलं लग्न हेच कारण, असं धरून बसू नका. शँक-३, सिनगॅप-१, न्यूरेक्झिन-१ यांची एकच प्रत बिघडली तरी पुरते, आणि शँक-३ व सिनगॅप-१ मधले बदल तर बहुतेक वेळा नव्यानंच झालेले असतात. तिथं लग्न सात समुद्रापलीकडं केलं असतं तरी तेच झालं असतं.

पाचवं उत्तर सगळ्यात मोठं आहे : सगळ्यांकडून, थोडं थोडं. २०२० साली पस्तीस हजारांहून जास्त माणसांच्या तपासणीतून १०२ जनुकं समोर आली. त्यातली पुष्कळ चेतासंधीची, पण पुष्कळ दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करणारी. म्हणजे सगळा दोष दाऱ्याचा नाही, वरच्या नियोजनाचाही आहे. आणि एकच ठळक बदल सापडतो तो ढोबळमानानं दहातल्या एक-दोन मुलांतच. बाकीच्यांत शेकडो बारीक बारीक बदलांची बेरीज असते. ते सुटे सुटे आपल्या सगळ्यांत आहेत. तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं कळून बारामती-इंदापूरच्या आईला काय मिळालं?

जनुकांची तपासणी प्रत्येकाला लागतेच असं नाही. पण झटके येत असतील, विकास फार मागं असेल किंवा दुसरं मूल हवं असेल, तर जनुकतज्ज्ञाला विचारावं. बदल नव्यानं झालेला असेल तर पुढच्या मुलाला तो असण्याची शक्यता फार कमी. आईबापांपैकी एकाकडं असेल तर हिशेब वेगळा. सिनगॅप-१ असेल तर डॉक्टर झटक्यांवर आधीपासून लक्ष ठेवतात. पुष्कळदा अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. याचं एक कारण असं की जगातली बरीचशी माहिती युरोपी वंशाच्या लोकांची आहे. आपल्याकडचा बदल रोगाचा की नुसताच आपल्याकडचा, हे ठरवायला आपलीच माणसं मोजावी लागतात. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाचा जीनोम इंडिया प्रकल्प २०२४ मध्ये पूर्ण झाला, तो म्हणूनच महत्त्वाचा.

औषध? खरं सांगतो, चेतासंधी दुरुस्त करणारं औषध आज नाही. २०१६ साली उंदरांत शँक-३ मोठेपणी पुन्हा सुरू केलं तेव्हा काही वागणूक सुधारली, काही नाही. लहान वयात सुरू केलं तेव्हा जास्त सुधारली. यातून आशा घ्यावी, पण कुणी स्टेम सेलची इंजेक्शनं घेऊन ‘बरं करतो’ म्हणाला तर जमीन विकू नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही असं सांगितलंय. आज उपयोगी पडतात ते वाचा-उपचार, व्यवसायोपचार, घरच्यांनी शिकून घेतलेला खेळ आणि शाळा. जेवढ्या लवकर तेवढं बरं, कारण दारी बनायचं वय तेच.

यासाठी लांब जायची गरज असतेच असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, आणि त्यांच्या यादीत स्वमग्नता आहे. पथक आलं की मुलाला घरात ठेवू नका, पुढं करा. कायद्याचंही असंच. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं ते घेतलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारांत पक्कं केलं. प्रमाणपत्र मिळतं, न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा विमा मिळतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची मुलं तपासली. त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. शंभरात साधारण एक मूल स्वमग्न निघालं. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत दहा. ती दहा तुमच्या शाळेत दिसत नसतील, तर ती कुठं आहेत, हा प्रश्न विचारा.

शेवटी मूळ प्रश्नावर येतो. ‘कुणाकडून आलं?’ ऐंशी वर्षांच्या शोधानं याची पाच उत्तरं दिली : कधी आईकडून, कधी बापाकडून, कधी दोघांकडून, कधी कुणाकडूनच नाही, आणि बहुतेकदा सगळ्यांकडून थोडं थोडं. पाचही उत्तरांत ‘आलं’ हा शब्द आहे. ‘केलं’ हा शब्द एकाही उत्तरात नाही. आज घरी गेल्यावर शेजारच्या, भावकीतल्या एखाद्या घरात असं मूल असेल, तर त्याच्या आईला एवढं जाऊन सांगा. आणि सांगून झाल्यावर तासभर ते मूल सांभाळा, म्हणजे तिला जरा पाठ टेकता येईल.

एवढं बोलून मी थांबतो.